आडव्या रेघेचं शून्य

सन्माननीय अध्यक्ष मॅडम, बंदराचे मुख्य अभियंता आणि आजचे प्रमुख पाहुणे, सत्कारमूर्ती आपले साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, केंद्रातले सगळे संशोधक, कार्यालयातली आणि बोटीवरची मंडळी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला पाठ लावून उभे राहिलेले माझे मित्रहो,

मला भाषणाची सवय नाही. चाळीस वर्षं मी या केंद्राच्या कामात आहे, त्यातली बहुतेक माशांच्या टाक्या सांभाळण्यात गेली. मासे ऐकून घेतात की नाही हे कळत नाही, त्यामुळे बोलण्याचं वळण थोडं बिघडलेलं आहे. पण चार माणसं भेटली की आधी तब्येत विचारावी, एवढं घरी शिकवलेलं आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

अध्यक्ष मॅडम, तुमची सर्दी कशी आहे? सकाळी आवाज बसला होता, आता जरा उघडलेला दिसतो. नव्या खुर्चीचा पहिला आठवडा आहे, घसा जपा, पुढे खूप बोलावं लागणार आहे. अभियंतासाहेब, तुमचा गुडघा? जिना चढताना तुम्ही कठडा धरलात ते मी पाहिलं. माझाही डावा तसाच आहे, आपलं दोघांचं जमेल. वहिनी, पाठ बरी आहे ना? ती खुर्ची लाकडी आहे, मागे उशी मागवू का? आमच्या टंकलेखिका ताई दुसऱ्या रांगेत बसल्यात, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. ताई, दिव्याकडे बघू नका. आणि साहेब, तुमचं काय? झोप लागते का आता? मध्ये लागत नव्हती म्हणालात. मलाही लागत नव्हती. आपण दोघांनी एकमेकांना गोळ्यांची नावं सांगितली, कारण मात्र दोघांनीही सांगितलं नाही.

एकाची तब्येत विचारायची राहिली. तो या सभागृहात नाही, बोलावलं तरी येणार नाही. त्याच्याबद्दल बोलायला मला दहा मिनिटं लागतील. निवेदक ताईंनी पाच दिलीत. उरलेली पाच साहेबांच्या खात्यातून घेतो, त्यांनी आजवर मला कधी नाही म्हटलेलं नाही. म्हणजे, एकदा म्हटलं. तिथे येतोच.

साहेब या केंद्रात आले तेव्हा मी टाक्यांवर नवीन होतो. शाळा सातवीत सुटलेली. बोटीवर दोर ओढायचो, तिथून टाक्यांवर आलो. साहेबांनी पहिल्याच महिन्यात मला एक जाडजूड शब्दकोश दिला, पाठीमागची पानं उंदरांनी खाल्लेला. म्हणाले, "टाकीवाले, रोज एक पान वाचा." मी म्हटलं, "साहेब, शेवटची अक्षरं नाहीत यात." ते म्हणाले, "तिथपर्यंत पोचा, मग बघू." मी पोचलो. माझ्याकडे जे काही थोडं शहाणपण आहे ते त्या अर्ध्या कोशातलं आहे, आणि तो साहेबांनी दिलेला आहे. आज मी जे बोलणार आहे ते ऐकताना एवढं लक्षात असू द्या. परक्या माणसाशी मी असं बोललो नसतो.

तर एकदा एका संशोधकाच्या कामासाठी समुद्रातून स्पंज आणला. हा भांडी घासायचा स्पंज नव्हे. समुद्रातला स्पंज जिवंत असतो, खडकाला चिकटून बसतो आणि दिवसभर पाणी गाळत असतो. हा पिवळसर होता, उसवलेल्या गादीसारखा. टाकी क्रमांक अकरामध्ये ठेवला. त्याच टाकीत मी बारीक कोळंबी सोडली होती, दुसऱ्या माशांच्या चाऱ्यासाठी. रोज सकाळी मोजायचो, रोज दोन-तीन कमी. आधी मांजरावर संशय घेतला. मग पहारेकऱ्यावर. तो बिचारा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. म्हणाला, "काका, मी चोरलीच तर एवढीएवढीशी कोळंबी चोरेन का?" त्याच्या बोलण्यात तथ्य होतं.

आठव्या दिवशी मी काच पुसत होतो, आणि स्पंजाने जांभई दिली.

हसा तुम्ही. मीही हसलो असतो, पण माझा फडका हातातून पडला. स्पंजाला तोंड नसतं हे मला माहीत होतं. मी डोळे बारीक करून बघत राहिलो. हळूहळू त्या पिवळ्या गादीत एक डोळा दिसला, मोहरीएवढा. मग दोन हातांसारखे पर, त्यांनी तो स्पंजाला धरून बसलेला. कपाळावर एक केस, त्याच्या टोकाला धाग्याचा तुकडा लटकवल्यासारखं काहीतरी. तो केस हलवायचा, कोळंबी बघायला यायची, आणि मग कोळंबी नसायची. तोंड उघडलेलं दिसायचंच नाही. अंगठ्याच्या पेराएवढा मासा, आणि आठ दिवस माझ्या नाकासमोर बसून होता.

मी साहेबांना हाक मारली. साहेब अनवाणी धावत आले. होय मॅडम, अनवाणी, तेव्हा ते धावायचे. त्या टाकीसमोर ते गुडघ्यांवर बसले ते दोन तास उठले नाहीत. मग म्हणाले, "काका, हा कुठल्याच पुस्तकात नाही."

बोटीवरच्या जुन्या माणसांना तो माहीत होता. ते त्याला बसक्या म्हणायचे, कारण तो पोहत नाही, बसतो. फारच झालं तर परांवर चालतो, म्हाताऱ्यासारखा, एक पाय पुढे आणि मग विचार. तो राहायचा कुठे, तर किनाऱ्यापासून अर्ध्या तासावर पाण्याखाली प्रवाळाचे तीन उंचवटे आहेत तिथे. आम्ही बोटवाले त्यांना कट्टे म्हणतो. पहिला कट्टा, दुसरा कट्टा, तिसरा कट्टा. त्यावर हा पिवळा स्पंज वाढतो. आणखी कुठे वाढत असेलही, पण बसक्या दुसरीकडे आजवर कुणाला सापडलेला नाही.

हे असं का, ते साहेबांनी शोधून काढलं. मोठं काम आहे ते, आजच्या मानपत्रात त्याला दीड ओळ मिळाली. बाकीचे मासे अंडी पाण्यात सोडतात, ती वाहत जातात, पोरं कुठेही वाढतात. बसक्याचं तसं नाही. मादी अंडी देते आणि निघून जाते. बाप ती आपल्या शेपटीच्या मुडपात धरतो आणि महिनाभर बसून राहतो. खात नाही. पोरं बाहेर पडतात ती चालत शेजारच्या स्पंजावर जातात. जास्तीत जास्त एवढाच प्रवास. म्हणून या माशाचं सगळं जग म्हणजे तीन कट्टे. कट्टा गेला की तिथला बसक्या उठून दुसऱ्या गावी जात नाही.

वहिनी, तुमची एक गोष्ट सांगू का? नाही म्हणू नका. टाकी क्रमांक अकरात पहिल्यांदा बापाने अंडी धरली त्याच आठवड्यात तुम्ही दवाखान्यात होतात. लेक झाली. साहेब टाकीसमोर. डबा घेऊन मी दवाखान्यात गेलो. तुम्ही विचारलंत, "हे कुठे आहेत?" मी म्हटलं, "माशाने अंडी धरलीत ना वहिनी, ते सोडून निघता येत नाही." तुम्ही म्हणालात, "मग त्या माशाला निरोप द्या, म्हणावं सुटलास की यांना जरा शिकव, बाप कसा बसून राहतो ते." मी निरोप साहेबांना दिला. ते चपला घालून तडक दवाखान्यात गेले, आणि जाताना मला म्हणाले, "दर तासाला नोंद करा." तीच लेक आज मोठ्या शहरात डॉक्टर आहे, आणि उद्या सकाळच्या गाडीने तुम्ही दोघं तिच्याकडे कायमचे राहायला निघाला आहात. आनंद आहे. मनापासून आनंद आहे.

आता नोंदीचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं आहे.

त्याच महिन्यात मी दोन दिवस सुट्टीवर गेलो. परत आल्यावर वहीतले मधले रकाने मोकळे दिसले, वाईट दिसलं, म्हणून त्या दोन दिवसांपुढे शून्य लिहिलं. अंड्यांतून बाहेर आलेली पोरं: शून्य. साहेबांनी वही पाहिली आणि मला बोलावलं.

"काका, या दोन दिवशी तुम्ही पाहिलंत?"

"नाही साहेब, सुट्टीवर होतो."

"मग शून्य कुठून आणलंत?"



ते म्हणाले, "शून्य हा आकडा आहे. शून्य म्हणजे मी पाहिलं, नीट पाहिलं, आणि नव्हतं. ते लिहायला आधी डोळे दुखवावे लागतात. पाहताच आलं नसेल तर आडवी रेघ मारा. रेघ म्हणजे मला माहीत नाही. माहीत नाही म्हणण्यात लाज नसते." मग त्यांनी स्वतःच्या पेनाने माझी दोन शून्यं खोडली आणि दोन रेघा मारल्या.

तेव्हापासून या केंद्रात हा कायदा झाला. पाहिलं आणि नव्हतं तर शून्य, पाहता आलं नाही तर रेघ. इथले किती संशोधक या एका गोष्टीवरून बोलणी खाऊन गेले असतील. एकाला तर साहेबांनी एका शून्यासाठी परत बोटीत बसवून समुद्रात पाठवलं होतं. आम्ही त्यांच्या मागे त्यांना रेघवाले साहेब म्हणायचो. साहेब, तुम्हाला हे माहीत नसेल, आज निरोपाच्या दिवशी सांगतो. ते प्रेमाने म्हणायचो.

आता मागच्या वर्षीकडे येतो. अभियंतासाहेब, तुमचा यात दोष नाही, आधीच सांगून ठेवतो. बंदर मोठं करायचं ठरलं, मोठी जहाजं यायची म्हणून समुद्राचा तळ खोल खणायचा ठरला, आणि तीन कट्टे नेमके त्या वाटेवर. मंजुरी देणाऱ्या समितीने आमच्या केंद्राला विचारलं, तिथे काय काय राहतं ते मोजून द्या. रीतसर विचारलं. मोठे मासे, प्रवाळ, शिंपले, सगळं मोजून झालं. बसक्या राहिला शेवटी, कारण त्याला वेळ लागतो. दोरी ताणून पोहत पोहत जो दिसेल तो मोजायचा, ही पद्धत त्याला चालत नाही. एकेका स्पंजापाशी पाव-पाव तास बसावं लागतं, त्याच्यासारखंच.

मी कागदावर निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण कट्टे मला पाठ आहेत म्हणून बोटीवर मलाच नेतात. खाली उतरायची ती आमची पाणबुडी. पाहुण्यांसाठी सांगतो, ही माणूसच आहे, आमच्याकडची पाणबुड्याचं काम करणारी मुलगी, तिला सगळे पाणबुडी म्हणतात. आधी दोन दिवस वारा होता. पाणी सिमेंट कालवल्यासारखं झालेलं. ती तीनदा उतरली, तिन्ही कट्ट्यांवर, आणि वर येऊन म्हणाली, "काका, मला माझा हातच दिसत नाही, बसक्या कुठून दिसणार?" पाण्यात लिहायच्या पाटीवर तिने बसक्यापुढे तीन रेघा मारल्या. पहिला कट्टा, रेघ. दुसरा, रेघ. तिसरा, रेघ. केंद्राच्या कायद्याप्रमाणे अगदी बरोबर.

अहवाल त्याच दिवशी पाचच्या आत पाठवायचा होता. तो आता कागदावर जात नाही, संगणकावर चौकोन असतात ते भरायचे. टंकलेखिका ताई भरत होत्या, मी पाटी वाचून दाखवत होतो. बसक्याचा चौकोन आला. ताई म्हणाल्या, "काका, हा रेघ घेत नाहीये. लाल होतोय."

मी म्हटलं, "मोकळा ठेवा."

"मोकळाही घेत नाही. आकडा मागतोय."

पावणेपाच झाले होते. साहेब आतल्या खोलीत फोनवर. मी म्हटलं, "घाला शून्य आणि पुढे चला. साहेबांच्या कानावर घालतो मी." ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "नक्की ना काका?" मी म्हटलं, "नक्की."

ऐकलंत मंडळी? ते मी म्हटलं. ज्याची दोन शून्यं साहेबांनी स्वतःच्या हाताने खोडली होती, त्या माणसाने म्हटलं. ताईंना कुणी बोल लावू नये, त्यांचं डोळ्याचं दुखणं त्याआधीचं आहे. तीन रेघांची तीन शून्यं माझ्या जिभेवरून झाली.

साहेबांच्या कानावर मी घातलं. लगेच घातलं, त्यांनी सही करायच्या आधी. ते म्हणाले, "असू द्या, आत्ता जाऊ दे, मागाहून शुद्धिपत्र पाठवतो." आणि मग ते हसले. दिवसभराचे दमलेले होते, गंमत म्हणून म्हणाले, "शून्य काय नि रेघ काय काका, बसक्या थोडाच वाचायला येणार आहे." खोलीत आम्ही चौघं होतो, चौघं हसलो. मीही हसलो. ते हसू मला अजून गिळता आलेलं नाही.

शुद्धिपत्र गेलं नाही. पहिल्या महिन्यात विसरले असतील. दुसऱ्या महिन्यात मी आठवण केली, "हो हो" म्हणाले. तिसऱ्या महिन्यात समितीची मंजुरी आली. त्यात लिहिलं होतं, सदर मासा प्रकल्पाच्या जागेत आढळून येत नाही. आढळून येत नाही. पाटीवर आम्ही लिहिलं होतं दिसलं नाही, तेही नाही, लिहिलं होतं पाहता आलं नाही, आणि छापून आलं की नाहीच. समितीचं काय चुकलं? आपण पाठवलेलं शून्य त्यांनी वाचलं, आणि आपल्या केंद्राचं शून्य खरं असतं अशी आपली ख्याती आहे. ती ख्याती साहेबांनी कमावलेली आहे.

पहिला कट्टा सहा दिवसांत गेला, दुसरा नऊ. मला कसं माहीत? हद्दीच्या तरंगत्या बोया कुठे टाकायच्या ते दाखवायला बंदराच्या माणसांनी मलाच बोटीवर नेलं होतं. म्हणाले, "काका, तुम्हाला इथली इंच न् इंच जागा माहीत आहे." खरं होतं. गाळ उपसायचं यंत्र पाइपातून सगळं किनाऱ्यावर आणून ओततं. मी त्या ढिगाऱ्यापाशी गेलो. राखी चिखल, त्यात प्रवाळाचे तुकडे आणि पिवळे पिवळे स्पंज. बसलो आणि एकेक उचलून बघायला लागलो. दोन तास बघितलं. एकही बसक्या सापडला नाही. आणि मला कळेना की नाहीच आहे म्हणून सापडत नाही, की आहे आणि मला दिसत नाही. इतका लपलेला की मेल्यावरही ओळखू येईना. इतकी वर्षं ज्याला बघितलं त्याचं मढंसुद्धा मला वेगळं काढता आलं नाही. त्या ढिगाऱ्यापुढे मी शून्य लिहू की रेघ, साहेब? तुम्ही शिकवलंत त्यातलं काय लिहू?

निवेदक ताईंची चिठ्ठी आली आहे. "आवरते घ्यावे." घेतो ताई, आता फार नाही.

त्यानंतर मी साहेबांच्या घरी गेलो. साहेबांनी दार स्वतः उघडलं. मी म्हटलं, "दोन गेले. तिसऱ्यासाठी तरी पत्र लिहा." त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, "काका, आता शुद्धिपत्र पाठवलं तर विचारतील, इतके महिने काय केलं? चौकशी लागेल. चौतीस वर्षांत माझ्या कामावर डाग नाही. शेवटच्या वर्षी लावून घेऊ? निवृत्तीपर्यंत थांबा." मी उठलो, तर म्हणाले, "तुम्हीच शून्य घालायला सांगितलंत ना?" तेही खरं होतं. मी चपला घातल्या. हीच ती नाही म्हणायची वेळ, मघाशी म्हणालो होतो ती.

मग मी स्वतः समितीला पत्र लिहिलं. चूक माझी आहे, मला जी शिक्षा द्यायची ती द्या, पण तो आकडा दुरुस्त करा. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. त्यात होतं, अर्जदाराचा सदर प्रकरणाशी संबंध स्पष्ट होत नाही. मी ते माझ्या बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. चाळीस वर्षं मलाही स्पष्ट झालेला नाही." असं म्हणून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

अध्यक्ष मॅडमकडेही गेलो. त्यांनी नियम काढून वाचून दाखवला. अहवालावर ज्याची सही, शुद्धिपत्रावर त्याचीच सही लागते. तो निवृत्त झाला असला तरी साठ दिवसांपर्यंत त्याचं साधं पत्रही चालतं. मॅडम, मी बरोबर सांगतोय ना? मान हलवलीत, आभारी आहे. आणि आज चहाच्या वेळी अभियंतासाहेबांना मी सरळच विचारलं. ते म्हणाले, "पत्र आलं तर पुन्हा मोजणी होईपर्यंत आम्हाला थांबावंच लागेल, काका. पण पत्र यायला हवं. तुमच्या सांगण्यावरून मला यंत्र थांबवता येत नाही." साधं, स्वच्छ उत्तर दिलं त्यांनी. समुद्र शांत झाला की पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला यंत्र तिसऱ्या कट्ट्यावर जाणार आहे.

आता त्याची तब्येत विचारतो. परवा पाणी काचेसारखं होतं. पाणबुडी तिसऱ्या कट्ट्यावर उतरली, कुणी पाठवलं नव्हतं, सुट्टीच्या दिवशी स्वतःहून उतरली. बारा स्पंजांपाशी प्रत्येकी पाव तास बसली. हवा संपली की वर यायची, नळकांडं बदलून परत खाली. सात बसके दिसले. त्यातल्या दोघांच्या शेपटीत अंडी आहेत. हे दोघं बाप महिनाभर जागचे हलणार नाहीत, म्हणजे वीस तारखेला ते तिथेच असतील. तिचं हे पाहणं कुठल्याही अहवालात नाही, कारण ते कुणी मागितलेलं नव्हतं. माझ्याकडे फक्त तिची पाटी आहे. ती मी पुसू दिलेली नाही.

साहेब, तुम्ही मान खाली घातलीत. मला तुम्हाला मान खाली घालायला लावायची नव्हती. तुम्हीच मॅडमना म्हणालात म्हणे, "काकांना बोलू द्या, ते दोन गोड शब्द बोलतील." गोड शब्द माझ्याकडे आहेत, पुष्कळ आहेत. तुम्ही मला वाचायला लावलंत. माझ्या मुलाच्या आजारपणात सलग तीन आठवडे तुम्ही स्वतः टाक्यांचं पाणी बदललंत, हाताला फोड आले तरी कुणाला कळू दिलं नाहीत. मी शोधलेल्या माशावरच्या तुमच्या निबंधात आभारापुरतंही माझं नाव आलं नाही, पण त्याचं मला वाईट वाटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, थोडं वाटलं होतं. पण गेलं. हे जात नाही. तुम्ही वाईट माणूस असतात तर मी आज एक हार घालून घरी गेलो असतो.

डागाचं म्हणालात. साहेब, तुमच्या नावावर डाग पडू नये असं या सभागृहातल्या सगळ्यांना वाटतं, पण कुठल्या नावावर? निरोपाच्या मानपत्रात छापलेल्या की आम्ही तुमच्या मागे घ्यायचो त्या? चौकशी झालीच तर मी तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसेन. शून्य घाला असं मी म्हटलं हे सगळ्यांदेखत आज सांगितलं आहे, ते तिथेही सांगेन. निवृत्तीपर्यंत थांबा म्हणालात, थांबलो. आज तुम्ही निवृत्त झालात.

व्यासपीठावर माणसाला घेरून सही मागणं मला बरं वाटत नाही. तुमच्या भेटवस्तूंच्या पिशवीत भिंतीवरचं घड्याळ आहे, त्याच्याखाली मी एक पाकीट ठेवलं आहे. त्यावर समितीचा पत्ता लिहिलेला आहे, तिकीट लावलेलं आहे. आत एक कोरा कागद. मजकूर मी लिहिलेला नाही, तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो. तिकडे पोचा, लेकीच्या हातचा चहा घ्या, प्रवासाचा शीण जाऊ द्या. मग लिहा. वहिनी, तुम्ही एकदा आठवण करा, तुमची आठवण ते माझ्याइतकी टाळणार नाहीत.

इथवर ऐकून घेतलंत म्हणून मॅडमचे, पाहुण्यांचे आणि तुमचे सगळ्यांचे आभार. कार्यक्रम आनंदाचा होता, त्यात मी हे घेऊन आलो. वेळ जास्त घेतला, मोठ्यांचा मान काही ठिकाणी राखला गेला नसेल, घरात बोलावं तसं सभेत बोललो. हे सगळं पोटात घाला.

साहेब, पोचल्याचं कळवा. वहिनींची पाठ कशी आहे तेही लिहा. आणि घड्याळाखालचं पाकीट टाकलंत की मला एक ओळ टाका, टाकलं म्हणून. तिकडून इकडे टपाल यायला पाच दिवस लागतात, आणि आज महिन्याची अठ्ठावीस आहे. लवकर लिहा.